दोन बोटं जागा

न्यायशास्त्राचं ते पुस्तक
अठरा वर्षं कायद्याच्या कपाटात होतं.
माझ्याच हातून गेलं तिथे.
शब्दकोश म्हणाला, न्याय म्हणजे कोर्टात मिळतो तो.
डावीकडे वारसाहक्क, उजवीकडे जमिनीचे तंटे,
मधे ते, चुकून भलत्याच लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं.
व्होरूच्या ग्रंथालयात कुणी त्याला ऊठ म्हटलं नाही.

तत्त्वज्ञानाचं कपाट तसंही भरलेलं.
ग्रीकांपासून निघतं, जर्मनांपाशी बराच मुक्काम करतं,
फ्रेंच संपले की खिडकी.
हिंदुस्थानातून काही आलंच
तर धर्मात, तळफळीवर, उदबत्त्या आणि आसनांशेजारी.
नियम मी केला नव्हता. पाळला मात्र मीच.

काल्यू टिगाने बांधाच्या भांडणासाठी कायदा उपसत होता.
चाळीस वर्षं वणव्याच्या मनोऱ्यावर काढलेला माणूस,
पुस्तकही क्षितिजासारखं लांब धरून वाचणारा.
आठ दिवसांनी आला तो बांधाचं नाव नाही.
"एल्वे," म्हणाला,
आमच्याकडे पहिला ह जिभेवरून गळतोच,
"हे माझ्याबद्दल लिहिलंय."

डोंगरावर आग आहे.
कारण धूर आहे.
जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत.
हा डोंगरही तसाच.
म्हणून आग आहे.

"हा माझा फोन आहे," तो म्हणाला.
"मला वर कळतं ते एका क्षणात.
पण पहाटे चारला बंबवाल्याला झोपेतून उठवायचं
तर ह्याच पाच पायऱ्या उतराव्या लागतात."

मग पान उलटून त्याने बोट ठेवलं.
धुक्यालाच धूर समजलास, तर?

दलदलीवरचं धुकं. ब्याण्णवचा ऑगस्ट. तीन बंब.
"सगळ्यांनी मला नावं ठेवली, एल्वे.
ह्यांनी माझ्या चुकीला नाव दिलं."
एत्वाभास, एत्वाभास म्हणत तो जिना उतरला.

मी तालिनला लिहिलं: ह्यात देव कुठे सापडत नाही,
हलवू का?
उत्तर आलं: धर्म, इतर.
पुन्हा लिहिलं. मग लिहिणं सोडलं
आणि ग्रीकांना रेटून दोन बोटं जागा केली.

काल्यूला तेही पटलं नाही.
"शेजारी बसवशील, आणि लोक म्हणतील,
बघा, ह्यांनाही जमत होतं.
ग्रीक म्हणतो, सगळी माणसं मरतात, सबब हाही मरणार.
बरोबरच आहे. त्याला मनोरा चढावा लागत नाही.
हा मधेच अडवून विचारतो,
तुझ्या चुलीत पाहिलंस का?
नातं नको जुळवूस त्यांचं.
मला दोघांचं भांडण ऐकायचंय."
आणि मुदत वाढवून पुस्तक परत घेऊन गेला.

जागा अजून रिकामी.
घडा नाही, हेही कळतं म्हणे जमिनीकडे बघून.
ते पुस्तक नसणं मी रोज पुसते,
धूळ बसते त्याच्यावर.

मार्च. तामुला तळं अजून गोठलेलं.
पलीकडच्या काठावर काल्यूच्या धुराड्यातून
तीन दिवस धूर नाही.
मी मनात चार पायऱ्या उतरले होते,
पाचवीवर पाय ठेवणार
तोच त्याचा आवाज: उलटं चालत नाही, एल्वे.
तापल्या लोखंडाला कुठे धूर असतो?
निखाऱ्यांना?

साडेतीनलाच कुलूप लावलं.
बर्फावरून निघालेय, कोळ्यांच्या जुन्या वाटेने,
वारा समोरून, काठ नीट दिसत नाही,
जे आहे ते धुकं की आणखी काही, सांगता येत नाही.
खिशात मुदत संपल्याची चिठ्ठी आहे.
काही निमित्त हवं ना.